आधी स्वतःची खतावणी, मग समोरच्याचे आकडे: ऑनलाइन पोकरसाठी ट्रॅकर निवडताना आणि वापरताना

नमस्कार. तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही लीड्सला नोकरी करता. गेले आठ महिने संध्याकाळी पोकरस्टार्स या साइटवर सहा जणांच्या टेबलांवर नो-लिमिट होल्डेम खेळता, ब्लाइंड (दर हँडला, म्हणजे डावाला, दोन जागांवरच्यांनी सक्तीने भरायची रक्कम; लहान ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड, आणि त्या जागांनाही तीच नावं) ५ आणि १० सेंट, एका वेळी दोन टेबलं, हाताशी मॅकबुक. मित्र म्हणतात की ट्रॅकर (हँडची नोंद ठेवून आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) घेतल्याशिवाय खेळणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून खेळणं. तेव्हा पोकरट्रॅकर, होल्डेम मॅनेजर की हँड टू नोट, स्क्रीनवर कोणते आकडे ठेवायचे, किती हँड झाल्यावर त्यांच्यावर भरवसा ठेवायचा, आणि डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला घरी गेल्यावर तिथून खेळता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहून लहान आणि मध्यम टेबलांवर खेळतोय आणि ओळखीतल्या अनेकांचे डेटाबेस त्यांच्या शेजारी बसून तपासलेत. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. ट्रॅकर नावाच्या एकाच डब्यात दोन वेगळी हत्यारं येतात. एक म्हणजे खेळताना टेबलावर प्रत्येकाच्या नावाशेजारी आकडे दाखवणारी पट्टी, जिला सगळे हड म्हणतात. दुसरं म्हणजे तुम्ही खेळलेल्या प्रत्येक हँडची नोंद ठेवणारा डेटाबेस. लोक पैसे देतात ते हडसाठी, आणि खेळ सुधारतो तो डेटाबेसमुळे. तुमच्या पातळीवर तर हे शंभर टक्के खरं आहे.

आपल्याकडे दुकानदार रोजच्या व्यवहाराची कीर्द लिहितो आणि त्यावरून खतावणी करतो, तसंच हे काम आहे. पोकरस्टार्स प्रत्येक हँड साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं: कोण कुठे बसलं होतं, कोणी किती लावले, कोणती पानं उघडली. ती कीर्द. ट्रॅकर ती वाचून खात्यावर चढवतो. कीर्दच लिहिली नसेल तर खतावणी कशाची करणार? म्हणून सॉफ्टवेअर उतरवायच्या आधी आज रात्री पोकरस्टार्सच्या सेटिंगमध्ये जाऊन हँड हिस्टरी संगणकावर साठवायचा पर्याय चालू आहे का ते बघा. तिथे किती दिवस साठवायचं हेही विचारलेलं असतं, ते जास्तीत जास्त ठेवा, आणि भाषा इंग्रजीच ठेवा. मागच्या आठ महिन्यांत तो पर्याय बंद असेल तर हँड ईमेलने मागवायची सोय पोकरस्टार्सच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. मिळतील तितकी मागवा.

आता निवड. तुलनेचे तक्ते बघत बसण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: मी कुठे खेळतो आणि माझा संगणक कोणता. बहुतेकांची निवड इथेच संपते.

कुठे खेळतो, याला महत्त्व आहे कारण प्रत्येक साइटचे नियम वेगळे आहेत. पोकरस्टार्स ट्रॅकर आणि हड चालू देतं, पण मर्यादेत. डेटाबेसमध्ये तुम्ही स्वतः बसून खेळलेलीच हँड हवीत. कुणाकडून विकत घेतलेली किंवा मित्राच्या डेटाबेसमधून आणलेली हँड चालत नाहीत. हँड सुरू असताना 'आता हे कर' असा सल्ला देणारं कुठलंही साधन चालत नाही. जीजीपोकरवर बाहेरच्या हडला बंदी आहे, तिथे त्यांचा स्वतःचा छोटा हड मिळतो. मात्र पोकरक्राफ्ट या त्यांच्या विभागातून हँड उतरवता येतात, फक्त समोरच्यांची नावं झाकलेली असतात. म्हणजे तिथे समोरच्याची खतावणी नाही, स्वतःची आहे. पार्टीपोकरने २०१९ मध्ये हँड हिस्टरी उतरवायची सोयच काढून घेतली होती आणि त्या वेळी अनेकांचा वर्षानुवर्षांचा सराव एका रात्रीत निरुपयोगी झाला. नियम बदलत राहतात. साइटच्या 'बाहेरची साधनं' या पानाचा ताजा मजकूर स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. नियम मोडल्याबद्दल खातं गोठलं तर मित्र भरपाई देणार नाही.

संगणकाबद्दल: होल्डेम मॅनेजर ३ आणि हँड टू नोट ही मुख्यतः विंडोजसाठी बनलेली सॉफ्टवेअरं. मॅकवर चालवायची तर मॅकच्या पोटात विंडोज बसवावं लागतं, आणि मग पोकरचं सॉफ्टवेअरही त्याच विंडोजमध्ये चालवावं लागतं. दोन टेबलांसाठी इतका खटाटोप कशाला? पोकरट्रॅकर ४ मॅकवर थेट चालतं. तुमच्यासाठी उत्तर तेच आहे.

विंडोजवाल्यांसाठी दोन ओळी. होल्डेम मॅनेजरची मांडणी नवख्याला सोपी वाटते, पोकरट्रॅकर सुरुवातीला रुक्ष वाटतो पण त्यात हवा तो अहवाल स्वतः बनवता येतो. हँड टू नोट प्रचंड वेगवान आहे. ज्यांच्याकडे काही लाख हँड आहेत आणि जे पूर्ण वेळ खेळतात त्यांना तो भावतो. त्याची पोकरस्टार्ससाठी काही सोयी काढून टाकलेली वेगळी आवृत्ती आहे, ती सोडून दुसरी वापरू नका. तिघांपैकी कोणतंही घेतलं तरी मूळ आकडे तेच येणार. या निवडीवर महिनाभर घालवणारे लोक मी पाहिलेत, तो महिना हँड तपासण्यात गेला असता तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

किंमत मात्र बिग ब्लाइंडमध्ये मोजा. समजा परवान्याला वर्षाला ६० डॉलर पडले. तुमचा बिग ब्लाइंड १० सेंटचा, म्हणजे ६०० बिग ब्लाइंड. तुम्ही दर शंभर हँडमागे ३ बिग ब्लाइंड जिंकत असाल, आणि या पातळीवर तोही चांगलाच वेग आहे, तर फक्त सॉफ्टवेअरचे पैसे फिटायला २०,००० हँड लागतील. तुम्ही दोन टेबलांवर तासाला साधारण १५० हँड खेळता आणि आठवड्याला दहा तास देता असं धरलं तर ते तेरा-चौदा आठवड्यांचं काम आहे. म्हणून कमी पैशांच्या टेबलांसाठी स्वस्त परवाना असेल तर तोच घ्या, आणि १४ दिवसांची फुकट चाचणी हुशारीने वापरा. चाचणी लगेच सुरू करू नका. आधी जुनी हँड गोळा करा, पुढचे तीन-चार आठवडे कीर्द साठू द्या, आणि मग एखादी सुट्टी बघून चाचणी सुरू करा. रिकाम्या डेटाबेसवर चौदा दिवस फुकट घालवून 'यात काही विशेष नाही' म्हणणारे कितीतरी आहेत.

बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पोकरट्रॅकर आपल्या नोंदी पोस्टग्रेएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि तो सोबतच बसवला जातो. तेव्हा दिलेला पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. आणि मूळ हँड हिस्टरीच्या फाइलींची प्रत दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर काढा. डेटाबेस बिघडला तर फाइलींवरून तासाभरात पुन्हा उभा करता येतो, पण फाइली गेल्या की संपलं. माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क एका सकाळी उघडलीच नाही आणि दोन वर्षांची हँड तिच्यासोबत गेली. दुरुस्तीवाल्याने डिस्क परत हातात दिली तेव्हा मी पैशांपेक्षा त्या नोंदींसाठी जास्त हळहळलो होतो.

आता आकड्यांकडे. हडवर सुरुवातीला चार गोष्टी पुरेत: व्हीपिप, पीएफआर, थ्री-बेट आणि एकूण हँडची संख्या. टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). व्हीपिप म्हणजे फ्लॉपची तीन पानं उघडण्याआधी स्वतःहून पैसे टाकून किती टक्के हँड खेळली. बिग ब्लाइंड सक्तीने भरलेला असतो, तिथे फुकट चेक केलं (आणखी पैसे न टाकता पुढे गेलं) तर ते यात धरत नाहीत. पीएफआर म्हणजे त्यातल्या किती वेळा रेझ केलं (लावायची रक्कम वाढवली), तेही एकूण हँडच्या टक्क्यांत. थ्री-बेट म्हणजे दुसऱ्याने रेझ केल्यावर त्यावर पुन्हा रेझ किती वेळा केलं. व्हीपिप आणि पीएफआर या दोन आकड्यांमधली दरी सगळ्यात जास्त बोलते. सहा जणांच्या टेबलावर २४ आणि २०, असा माणूस म्हणजे नेहमीचा, शिकलेला खेळाडू. ४८ आणि ७ म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या हँडमध्ये उतरणारा पण स्वतः क्वचितच रेझ करणारा. त्याने रेझ केलं तर एक्क्यांची जोडी समोर आहे असं समजून वागा, आणि त्याला कधी ब्लफ मारू नका, कारण तो पानं टाकत (हँड सोडून देत) नाही. १२ आणि १०, हा फक्त मोजकी भक्कम पानंच खेळतो. रेझ करून त्याचे ब्लाइंड चोरायचे आणि त्याने जोर दाखवला की बाजूला व्हायचं.

यापलीकडचे आकडे, म्हणजे फ्लॉपवरच्या बेटला (लावलेल्या पैशांना) किती वेळा पानं टाकतो, टर्नवर दुसरी बेट किती वेळा मारतो, शेवटपर्यंत किती वेळा जातो, हे मुख्य पट्टीवर नकोत. आकड्यावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या खिडकीत ठेवा. पट्टीवर तीन ओळी आणि पंधरा आकडे रंगवून बसणारा खेळाडू टेबल बघत नाही, आकडे बघतो. समोरच्याने किती वेळ घेतला, मागच्याच हँडमध्ये तो पूर्ण स्टॅक (टेबलावरचे स्वतःचे सगळे पैसे) हरला आणि आता चिडून खेळतोय, हे कुठल्याच आकड्यात येत नाही.

किती हँड झाल्यावर भरवसा? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात म्हणून ते जमतं. पोकरमध्ये प्रत्येक शीत वेगळ्या आचेवर शिजतं. गणितच करून दाखवतो. एखाद्याचा खरा व्हीपिप २५ आहे. ३० हँडमध्ये तुम्हाला दिसणारा आकडा निव्वळ पानांच्या नशिबाने ९ पासून ४१ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे तोच माणूस तुम्हाला अतिसावध वाटू शकतो किंवा बेछूट. १०० हँडला ही रुंदी साधारण १६ ते ३४ होते. १००० हँडला २२ ते २८. व्हीपिपची संधी तर प्रत्येक हँडला येते. फ्लॉपवर बेट मारून रिव्हरवर पुन्हा मारल्यावर समोरचा काय करतो, ही संधी शेकडो हँडमध्ये एखाद-दुसऱ्या वेळी येते.

मला हे महागात शिकावं लागलं. एका रात्री, माझ्या त्या वेळच्या मानाने मोठ्या टेबलावर, माझ्या हातात राजा-राणी, बोर्डवर काही लागलेलं नाही. समोरच्याच्या खिडकीत 'रिव्हरवर तिसऱ्या बेटला पानं टाकतो: ७५ टक्के' असं हिरव्या अक्षरात दिसलं. मी उरलेला सगळा स्टॅक पुढे ढकलला. त्याने क्षणात कॉल केला (तेवढेच पैसे लावले) आणि दोन जोड्या दाखवल्या. नंतर बघितलं तर तो ७५ टक्के आकडा चारपैकी तीन होता. चार वेळा! त्या दिवसापासून माझ्या हडवर प्रत्येक टक्क्याच्या शेजारी कंसात 'कितीपैकी' हे दिसतं. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसंच ठेवा, हा पर्याय सगळ्या ट्रॅकरमध्ये आहे. संधी दहाच्या खाली असेल तर आकडा दिसूच नये असंही करता येतं.

तुमच्या टेबलांवर गर्दी इतकी असते की बहुतेक खेळाडूंबरोबर तुमची शंभर हँडसुद्धा होणार नाहीत. झूम हा पोकरस्टार्सचा वेगवान प्रकार खेळलात तर आणखी कमी, कारण तिथे प्रत्येक हँडला टेबल बदलतं. म्हणूनच मी म्हणतो की ५ आणि १० सेंटच्या पातळीवर हडचा उपयोग खरोखर व्हीपिप आणि पीएफआर या दोनच आकड्यांपुरता आहे.

पण इथे डेटाबेस एक सुंदर काम करतो, आणि ते फार कमी लोक वापरतात. एकेका माणसाची हँड कमी असली तरी सगळी माणसं मिळून खूप होतात. स्वतःला वगळून बाकी सगळ्यांचा मिळून एक अहवाल बनवा. उदाहरणार्थ: बटणावरून (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी खेळणाऱ्या जागेवरून) कोणी २.५ बिग ब्लाइंडचा रेझ केला, तेव्हा स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड किती वेळा पानं टाकतात? तुम्ही १.५ मिळवण्यासाठी २.५ धोक्यात घालताय. दोघंही एकदम पानं टाकण्याचं प्रमाण ६२.५ टक्क्यांच्या वर असेल तर हातातली पानं न बघताही तो रेझ तिथल्या तिथे फायद्याचा ठरतो. दोघंही प्रत्येकी ८० टक्के वेळा टाकत असतील तर ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. एका माणसाचा हा आकडा कळायला वर्ष लागेल, पण सगळ्यांचा मिळून काही हजार हँडमध्ये बऱ्यापैकी स्थिर होतो. तसंच रिव्हरवर रेझ आल्यावर काय दाखवतात ते बघा. लहान टेबलांवर रिव्हरचा रेझ जवळजवळ नेहमी भक्कम हाताचा असतो. हे मी सांगून तुम्ही मानाल आणि खेळताना विसराल. स्वतःच्या डेटाबेसमध्ये उघडलेली पानं एकाखाली एक पाहिलीत की विसरणार नाही.

आता स्वतःच्या खात्यावर या. पहिला अहवाल काढा तो बसण्याच्या जागेनुसार. तो बघून दचकू नका. बिग ब्लाइंडच्या ओळीत दर शंभर हँडमागे उणे ३५ दिसेल आणि वाटेल की इथेच आपण बुडतोय. तिथे प्रत्येक हँड न खेळता टाकलीत तर शंभर हँडमागे नेमके १०० बिग ब्लाइंड जातात, कारण तेवढे सक्तीने भरलेले असतात. उणे ३५ म्हणजे तुम्ही त्यातले ६५ वाचवलेत, हे चांगलं काम आहे. स्मॉल ब्लाइंडचा पाया उणे ५०. त्या जागांवर तुलना शून्याशी करायची नसते, या पायांशी करायची असते. बटणाची ओळ मात्र सगळ्यात जास्त फायद्यात असायलाच हवी. तिथे तोटा दिसला आणि हँड पुरेशी असली, तर खेळाच्या मुळातच काहीतरी चुकतंय.

माझं उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी मी स्मॉल ब्लाइंडवर एकच फिल्टर लावला: समोरून रेझ आला आणि मी रेझ न करता नुसता कॉल केला. निकाल उणे ५० पेक्षाही खाली होता. म्हणजे ती सगळी हँड डोळे मिटून टाकली असती तरी मी जास्त पैसे राखले असते. हातातली पानं बघितली तर एकाच रंगाची एक्का-नऊ, राजा-दहा, लहान जोड्या, म्हणजे टाकायला जीव होत नाही अशी सगळी. मी ती जवळजवळ सर्व एक तर थ्री-बेट केली किंवा टाकली, आणि स्मॉल ब्लाइंडची ओळ पुढच्या काही महिन्यांत वर आली. एवढा एक शोध सॉफ्टवेअरची सगळी किंमत वसूल करून गेला.

फिल्टर लावताना एक सापळा असतो. बहुतेक जण आठवड्याच्या शेवटी 'मी हरलेली सर्वांत मोठी दहा हँड' उघडतात. मीही उघडायचो. त्यात तुमचे राजे आणि समोर एक्के असेच प्रसंग निघतात, त्यातून शिकायला काही नसतं, फक्त मन कडू होतं. आणि जिंकलेल्या हँडमधल्या चुका तशाच झाकलेल्या राहतात. निकालावर नाही, प्रसंगावर फिल्टर लावा. या आठवड्यात: बिग ब्लाइंडमधून कॉल केला, फ्लॉपवर बेट आली, मी कॉल केला, टर्नवर पुन्हा बेट आली. अशी वीस हँड काढा, शेवटचा निकाल झाकून एकेक वाचा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा की समोरच्याकडे काय काय असू शकतं. वीस हँडला तास जातो. हा तास आठवड्याच्या दहा तासांतूनच काढा, नऊ तास खेळा. खेळताना शंका आलेली हँड तिथेच खूण करून ठेवायची सोय पोकरट्रॅकरमध्ये आहे, ती वापरा. हँड संपल्यावर चर्चा करा, सुरू असताना नाही.

आलेखाबद्दल. त्यात निळी रेषा पानं उघडून झालेल्या हँडची, लाल रेषा पानं न उघडता मिटलेल्या हँडची असते. लहान टेबलांवर जिंकणाऱ्या अनेकांची लाल रेषा खाली जाते, कारण तिथे लोक पानं टाकत नाहीत आणि कमाई पानं दाखवूनच होते. लाल रेषा वर नेण्याच्या नादात उगाच ब्लफ वाढवू नका, त्यात भलेभले बुडालेत.

तिसरी रेषा ऑल-इन (सगळे पैसे लावलेल्या हँडच्या) अपेक्षित मूल्याची. तुमचे एक्के, समोर राजे, दोघांचे शंभर शंभर बिग ब्लाइंड फ्लॉपच्या आधीच आत गेले. साधारण ८२ टक्के वेळा तुम्ही जिंकता. २०० च्या पॉटमधले (जमलेल्या रकमेतले) १६४ तुमचे, त्यातून तुमचे १०० वजा, म्हणजे ट्रॅकर तुमच्या नावावर अधिक ६४ लिहितो, मग प्रत्यक्षात तुम्ही १०० जिंका किंवा हरा. या रेषेने एवढंच कळतं की ऑल-इन झाल्यानंतरच्या पानांनी तुम्हाला साथ दिली की नाही. तुम्हालाच वारंवार राजे आणि समोर एक्के मिळाले, हे दुर्दैव त्यात मोजलेलं नसतं. 'माझी अपेक्षित रेषा वर आहे, म्हणजे मी जिंकणारा खेळाडू आहे' असं दहा हजार हँडवर म्हणू नका.

कारण खेळाच्या चढउताराचा आकडाच मोठा आहे. सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती दूर जातात त्याचं माप) दर शंभर हँडमागे ९० बिग ब्लाइंडच्या आसपास असतं, ट्रॅकरमध्ये तुमचं स्वतःचंही दिसतं. त्यावरून हिशेब असा: १०,००० हँडवर तुमचा वेग अधिक १२ दिसत असेल तरी खरा वेग त्याच्या दोन्ही बाजूंना १८ पर्यंत हललेला असू शकतो, म्हणजे उणे ६ सुद्धा. एक लाख हँडवर हीच रुंदी सहाच्या थोडी आत येते. तुमच्या आठवड्याला दीड हजार हँडच्या वेगाने लाखाला सव्वा वर्ष लागेल. तोवर वरच्या ब्लाइंडला जायचं की नाही हे नफ्याच्या आकड्यावरून ठरवू नका. स्वतःच्या व्हीपिप-पीएफआरमधली दरी, जागेनुसार खेळ, थ्री-बेटला पानं टाकण्याचं प्रमाण, हे आकडे कितीतरी लवकर स्थिर होतात कारण त्यांना माल बराच जास्त वेळा मिळतो. सुरुवातीला सुधारणा तिथे शोधा.

आणि लाखभर हँडनंतरही रेषा खालीच जात असेल तर ते मान्य करायची तयारी आजच ठेवा. डोक्यात आपण फक्त जिंकलेल्या रात्री साठवतो, ट्रॅकर सगळ्या साठवतो. माझ्या एका मित्राला स्वतःचा दोन वर्षांचा एकूण आकडा बघून धक्का बसला, त्याला वाटत होतं तो बरोबरीत आहे. त्याने गॅमस्टॉपवर, म्हणजे ऑनलाइन जुगारापासून स्वतःला लांब ठेवायच्या ब्रिटिश योजनेत, नोंदणी केली. ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या सगळ्या साइटना ही नोंदणी पाळावी लागते, एकदा नाव दिलं की मुदत संपेपर्यंत त्यांपैकी कुठेच खेळता येत नाही. त्याने योग्य केलं, आणि आकडा समोर होता म्हणून त्याला ते वेळेत करता आलं. बैठकीच्या आधी किती हरल्यावर उठायचं हे ठरवा आणि साइटवरच पैसे भरायची मर्यादा लावून ठेवा.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक जोड, कारण न्यू जर्सीतून असे प्रश्न मला नेहमी येतात. तुमच्याकडे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा मोजक्या राज्यांतच ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे आणि जिंकलेल्या रकमेवर कर आहे. २०२६ च्या करवर्षापासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्क्यांचीच वजावट मिळते. तिथे बैठकीनुसार नोंद ठेवणं हे खेळ सुधारण्याइतकंच करासाठीही लागतं आणि ट्रॅकरचा बैठकींचा अहवाल त्याला आधार देतो. ब्रिटनमध्ये आपल्यासारख्यांच्या जिंकण्यावर कर लागत नाही.

राहिलं पुणे. तिथून खेळू नका. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना त्यात बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, आणि असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यानंतर तिथल्या पोकर साइटनी पैशांचे खेळ थांबवले. 'कोर्टाने पोकरला कौशल्याचा खेळ म्हटलंय ना' हा जुना युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही. आणि ब्रिटनमधून खेळतोय असं भासवून व्हीपीएन लावणं साइटच्या नियमांत बसत नाही, त्यात खातं आणि त्यातले पैसे दोन्ही जाऊ शकतात. गोव्यात परवाना असलेल्या कसिनोंत समोरासमोर पोकर चालतो, पण तिथे हड नसतो. तिथे तुमचे डोळे आणि स्मरणशक्ती हाच ट्रॅकर.

पुण्याचे ते तीन आठवडे मात्र वाया घालवू नका. लॅपटॉप सोबत न्या. डेटाबेस उघडून आपलीच जुनी हँड वाचणं म्हणजे काही पैसे लावून खेळणं नव्हे. तोवर तुमच्याकडे दहा-बारा हजार हँड तरी साठलेली असतील. जागेनुसार अहवाल काढा, आणि स्मॉल ब्लाइंडमधून नुसता कॉल केलेल्या हँडचा वेगळा. दोन्ही तक्ते संधींच्या संख्येसकट मला पाठवा, मग हडवर पाचवा आकडा कोणता घालायचा ते तुमच्या हँडवरूनच ठरवू.